वाफसा नसलेलं रान

माझ्या साडूला मी समोर अहो-जाहो करतो. तो वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्यामुळे सासुरवाडीत पहिलं पान त्याचं. मनात मात्र मी त्याला अरे-तुरेच करत आलो आहे, आणि इथे मनातलंच लिहायला बसलोय. तेव्हा या लिखाणात तो 'तो'च राहील.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. तो सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनियर होता आणि गंगापूर रोडला स्वतःच्या बंगल्यात राहायचा. मी एका शाळेच्या कार्यालयात कारकून होतो आणि मखमलाबाद नाक्याजवळ दोन खोल्यांत राहायचो. आमचं मूळ घर तिथून जवळच, मखमलाबादला. वडिलांची थोडी जमीन होती, त्यात झेंडू, बिजली, गुलाब आणि मधूनमधून मेथी-कोथिंबीर. वडील पहाटे फुलांची गाठोडी सायकलला बांधून बाजारात न्यायचे. मागे दोन, दांडीवर एक. चाकात हवा भरायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. अंगठ्याने दाबून टायर जराही दबलं तर वडील म्हणायचे, "अजून मार." एवढं वजन लादायचं तर टायर टणकच लागणार. त्यामुळे सायकलीची हवा म्हणजे टणक हवा, हे माझ्या हाडात बसलं होतं.

कंपनीने साडूला सहा महिने परदेशी पाठवलं. येताना त्याने डोंगरात चालवायची सायकल आणली. जाड टायर, पुढे शॉकॲब, हँडल सरळ. दर रविवारी सकाळी तो कंपनीतल्या दोघा मित्रांना घेऊन धरणाच्या बाजूला मुरमाड टेकड्यांवर जायचा, आणि मग आठवडाभर जो भेटेल त्याला ते ऐकवायचा. मलाही ऐकवायचा. एकदा माझ्या पोटाकडे बघत म्हणाला, "साडू, या की रविवारी. बैठं काम तुमचं, जरा घाम निघेल." मी बायकोकडे बघितलं. तिला ते पटल्यासारखं दिसलं. शाळेतल्या एका शिक्षकाच्या मुलाची जुनी गिअरची सायकल अंगणात पडून होती, ती मी घेतली.

त्या रविवारी मी पहाटे उठून सायकल पुसली, चेनला तेल सोडलं आणि दोन्ही चाकांत हवा भरली. अर्थातच टणक. वडिलांनी बघितलं असतं तर शाबासकी दिली असती.

टेकडीच्या पायथ्याशी साडूने माझ्या सायकलीभोवती एक चक्कर मारली. ब्रेक दाबून बघितले. मग खाली वाकून पुढच्या टायरवर अंगठा ठेवला, मागच्या टायरवर ठेवला, आणि उभा राहून एका मित्राकडे बघून हसला. मला वाटलं, सायकल आवडली असेल. "चला," तो म्हणाला. "चढ तुम्हाला जमेल. उतारावर माझ्या मागे राहा आणि घाबरू नका."

चढ मी अर्धा चालवला, अर्धा ढकलला. वर पोचल्यावर धरणाचं पाणी दिसलं, वारा लागला, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मग उतार सुरू झाला. मुरमाचे बारीक खडे सगळ्या वाटेवर पसरले होते. माझं टणक टायर त्यांच्यावर बसतच नव्हतं, नुसतं उडत आणि सरकत होतं. मागचं चाक एका बाजूला निघालं, तसा मी जीव खाऊन पुढचा ब्रेक दाबला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. हनुवटीला पाच टाके पडले आणि पुढचा दात अर्धा गेला.

पडलो याचं मला वाईट वाटलं नव्हतं. नवखा माणूस पडणारच. वाईट वाटलं ते दिवाळीत.

सासुरवाडी सायखेड्याची. गोदावरीकाठी काळी जमीन, कांदा, सोयाबीन, थोडा ऊस. भाऊबीजेला दोघी बहिणी माहेरी जायच्या आणि दोघे जावई मागोमाग. त्या वर्षी दुपारी सगळे अंगणात बसलेले असताना साडूने माझं पडणं करून दाखवलं. घरातलं एक स्टूल आडवं घेतलं, त्यावर बसला, डोळे विस्फारले, "अगं आई गं" असं माझ्या आवाजात ओरडला आणि हात पुढे करून जमिनीवर लोळला. सासूबाई हसल्या, शेजारपाजारचे हसले, मामा म्हणजे सासरेसुद्धा मिशीतल्या मिशीत हसले. आणि माझी बायको हसली. अशी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, "दाजी, परत एकदा करा ना."

त्याने परत केलं.

तीनेक आठवड्यांनी त्याच्या दोघा मित्रांपैकी एक मला चहाच्या टपरीवर भेटला. माणूस साधा होता, मनात काही नव्हतं त्याच्या. माझ्या हनुवटीकडे बघून हळहळला आणि म्हणाला, "तुमचे साडू पण ना, चेष्टेखोर. टायरला हात लावून मला म्हणाले, दगड केलाय याने टायरचा, आज गंमत बघ." मी चहा तसाच ठेवला आणि घरी आलो.

म्हणजे त्याला माहीत होतं. एक वाक्य बोलला असता, "साडू, थोडी हवा काढा," तर माझा दात आज तोंडात असता. त्या दिवसापासून मी डूख धरला. मला काय हवं होतं हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं. तेच अंगण हवं होतं, तीच माणसं हवी होती, आणि पडणारा तो हवा होता. माझी बायको त्याला हसलेली मला बघायची होती. याहून कमी काहीही चालणार नव्हतं.

मी पुन्हा सायकल काढली. बायकोला सांगितलं की पहाटे मखमलाबादला जाऊन फुलं तोडायला वडिलांना हात लावतो. काही दिवस खरंच लावायचो, पण बहुतेक दिवस मी पाटाच्या कडेने द्राक्षबागांमधून रामशेज किल्ल्याच्या बाजूला निघायचो. सगळं पहिल्यापासून शिकलो. आधी हवा. टायरमधून थोडी हवा सोडायची, शंभर पावलं चालवायची, परत थोडी सोडायची. एका जागी आल्यावर टायर खड्यांवर बसायला लागलं, सायकल जमीन धरायला लागली. इतक्या सोप्या गोष्टीसाठी मी दात घालवला होता, म्हणून मी त्या माळावर एकटाच मोठमोठ्याने शिव्या दिल्या. मग उतार. उतारावर बूड सीटवरून उचलायचं आणि मागे न्यायचं, गुडघे सैल ठेवायचे, ब्रेकवर दोनच बोटं ठेवायची. ज्या दगडाकडे बघत राहाल त्याच दगडावर चाक जातं, म्हणून नजर वाटेवर पुढे ठेवायची. हे शेवटचं शिकायला मला दोन महिने आणि कोपराची सालं लागली. चढावर गिअर आधी बदलायचा, दम तुटल्यावर बदलून उपयोग नाही. हे शिकवायला कुणी नव्हतं. चढ दिसला की मला त्याचं ते स्टूल आठवायचं, मांड्या आपोआप जोर लावायच्या.

वर्ष गेलं, पुढचंही सरत आलं. पोट गेलं. रामशेजच्या पायथ्याची एक ओहोळाची वाट होती, तीत मी पूर्वी पाचदा सायकलवरून उतरायचो, ती मी पाय न टेकता पार करू लागलो. आणि मला मजा यायला लागली. याचा मला रागच आला. मी उट्टं काढायला निघालो होतो, मजा करायला नव्हे. सकाळच्या उन्हात द्राक्षाच्या मांडवाखालून जाताना मी चक्क गुणगुणतोय हे लक्षात आलं की मी मुद्दाम साडूचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचो.

साडूला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन-तीनदा त्याने रविवारी बोलावलं, मी दाताचं कारण सांगितलं. तेवढ्यावरही त्याने चार जणांना हसवलं असणार.

मग अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावयांना बोलावून पाय धुतात, पुरणाचे धोंडे करून जेवू घालतात, अनारशांचं वाण देतात. त्या वेळी अधिक आश्विन होता. पाऊस उघडला होता, ऊन चटकत होतं. मामांनी दोन्ही जावयांना एकाच रविवारी बोलावलं. बायकोला मी आदल्या दिवशी एसटीने पुढे पाठवलं आणि रविवारी पहाटे सायकलवर निघून आठच्या आत सायखेड्याला पोचलो. बायको मला त्या अवतारात बघून दारातच उभी राहिली. "नाशिकहून यावर आलात?" तिने दोनदा विचारलं. तिच्या आवाजातल्या त्या आश्चर्याची मी जवळजवळ दोन वर्षं वाट बघितली होती, इतकंच सांगतो.

साडू यायचा होता. मामांनी मला चहा दिला आणि रानात फिरायला नेलं. हे नेहमीचंच होतं. थोरला जावई मोठा, त्याचा मान मोठा, पण रान ते मला दाखवायचे. मी माळ्याच्या घरचा, मला पिकातलं कळतं, म्हणून माझ्याशी ते मोकळं बोलायचे. घर जरा उंचावर आहे. तिथून रान नदीकडे उतरत जातं. सगळ्यात खालच्या तुकड्यातलं सोयाबीन त्यांनी काढलं होतं.

"कांद्याला रान भिजवलंय," मामा म्हणाले. "तीन दिवस झालं. वरून बघा, कसं कोरडं ठाक दिसतं." त्यांनी हातातली काठी जमिनीत टोचली. वरचा पापुद्रा फुटला आणि काठी वीतभर आत गेली, वर काढली तर काळी शाई लागावी तशी निघाली. "आत नुसती खीर हाय. अजून चार दिस तरी वाफसा यायचा नाय. पाय ठेवायची सोय नाय बघा."

रान भिजल्यावर आत शिरण्याजोगं होतं, त्याला वाफसा म्हणतात. हे मला सांगायची गरज नव्हती. मी नुसती मान डोलावली. तेव्हा माझ्या मनात काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

दहा वाजता साडू जीपमधून आला. जीपच्या टपावर सायकल बांधलेली होती. त्याने ती सगळ्यांसमोर उतरवली, पोराटोरांना बेल वाजवू दिली, आणि मग त्याला माझी सायकल भिंतीला टेकलेली दिसली.

"अरे वा! साडूंनी सोडलं नाही तर." तो अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाला. "पानं वाढायला वेळ आहे. चला, नदीपर्यंत जाऊन येऊ. पण या वेळी हनुवटी सांभाळा हं."

सगळे हसले. बायकोही हसली, थोडीशी.

आम्ही निघालो. जाताना बांधाबांधाने गेलो. बांध अरुंद होता, कुठे दगड, कुठे बाभळीची मुळं. तो पुढे होता आणि मी मागून बघत होतो. बघता बघता माझ्या लक्षात आलं की तो काही फार भारी चालवत नाही. मुळं आली की ब्रेक दाबतो, वळणावर पाय काढतो. जवळजवळ दोन वर्षं ज्याच्यासाठी दात-ओठ खाल्ले तो हा एवढाच होता. नदीवर पोचून आम्ही सायकली वळवल्या आणि येताना पहिल्याच चढाला मी त्याला मागे टाकलं. सहज टाकलं. मागून त्याचं धापा टाकणं ऐकू येत होतं. वर अंगणाच्या कडेला सगळे येऊन उभे राहिले होते. दोघी बहिणी, सासूबाई, पोरं. बायकोने हात वर केला होता.

मी जिंकत होतो, आणि स्वच्छ जिंकत होतो. हे पुन्हा सांगतो, कारण यानंतर मी जे केलं त्याला काही म्हणजे काही कारण नव्हतं.

बांध खालच्या तुकड्याला वळसा घालून जातो. मी वळणावर होतो. मागून तो ओरडला, "साडू, हे सरळ कापलं तर? रान कोरडं आहे ना?"

मी थांबलो. एक पाय टेकला आणि मागे बघितलं. घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. मी म्हणालो, "तुमची गाडी परदेशी. तिला काय, कुठेही जाईल."

तो हसला आणि त्याने सायकल रानात घातली.

कडेची दहा-बारा पावलं जमिनीने धरली. त्याने माझ्याकडे बघून हातही हलवला. मग पुढचं चाक पापुद्रा फोडून आत गेलं. काळी माती टायरला धरली, ब्रेकमध्ये गेली, चाकाच्या चिमट्यात चढली आणि चाक जागच्या जागी अडकलं. तो हँडलवरून पुढे गेला आणि तोंडावर आपटला. पुन्हा उठायला गेला तर हात कोपरापर्यंत आत. अंगणातून हशा उठला. सासूबाईंचा, पोरांचा, त्याच्या स्वतःच्या बायकोचा. आणि माझ्या बायकोचा. मी तो आवाज वेगळा ओळखला. मीही हसलो, अगदी पोट धरून हसलो. इतकं गोड मला आयुष्यात दुसरं काही लागलेलं नाही.

ते अर्धा मिनिट टिकलं असेल. मग तो वळला आणि त्याचा डावा हात मनगटातून भलत्याच बाजूला लोंबताना सगळ्यांना दिसला. मेहुणी किंचाळली. मामा धोतर खोचून रानात उतरले, घोट्याच्या वर चिखलात रुतत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याला काखेत धरून बांधावर आणलं. मी हात द्यायला पुढे झालो. मामांनी माझ्याकडे बघितलं.

"पाहुणं," ते म्हणाले, "तुम्हाला तर सकाळीच काठी घालून दाखवलं होतं. यांना सांगितलं नाय का?"

सगळे धावत खाली आले होते. बायको माझ्यासमोर उभी होती. साडूच्या तोंडावर चिखल होता, ओठ पांढरे पडले होते. त्याने एकदा मामांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सांगितलं होतं, मामा," तो म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

त्याला जीपमध्ये घालून निफाडला नेलं. तिसऱ्या प्रहरी तो हाताला प्लास्टर घालून परतला. सासूबाईंनी दोघांचे पाय धुतले, आधी त्याचे, मग माझे. वाण त्याने एकट्या उजव्या हातात धरलं. मी धोंडा मोडून पानातच ठेवला. मामा सगळ्यांशी बोलले, माझ्याशीही बोलले, जेवायचा आग्रह केला. पण त्यानंतर आजपर्यंत त्यांनी मला रान दाखवायला नेलेलं नाही.

घरी आल्यावर बायकोने एकदाच विचारलं. मी खरं सांगितलं, टायरचं, टपरीवर ऐकलेलं, सगळं. तिने ऐकून घेतलं. "मग तेव्हाच मला का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाली. याला उत्तर होतं: तू त्याला परत एकदा करा म्हणाली होतीस. ते मला देता आलं नाही.

साडूचा हात जुळला, जरा वाकडा. आम्ही त्यानंतर कितीतरी रविवार एकत्र सायकल चालवली, कारण नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. त्याने तो विषय माझ्याजवळ एकट्यात कधीही काढला नाही. मी जीव तोडून वाट बघायचो की हा एकदा तरी भडकेल, माझी गचांडी धरेल, म्हणेल की साल्या, माझा हात मोडलास. मग मीही माझ्या दाताचं बोललो असतो. पण तो नुसता टेकडीवर बसून पाण्याची बाटली माझ्यापुढे करायचा. त्याने मला माफ केलं की तो माझा सूड घेतोय, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो अजूनही आवडत नाही.

सासुरवाडीत दिवाळीला, लग्नात, बारशाला माणसं जमली की आता तो स्वतःचं पडणं करून दाखवतो. फार छान करतो. पापुद्रा फुटतो तो आवाज काढतो, हात रुततो तसा दंडापर्यंत पांघरुणात खुपसतो, लोक हसून लोळतात. शेवटी तो नेहमी एकच वाक्य टाकतो: "बिचाऱ्या साडूंनी बजावून सांगितलं होतं, जाऊ नका, आत खीर आहे. पण ऐकेल तो मी कसला!" मग माझ्याकडे वळतो आणि विचारतो, "सांगितलं होतं की नाही, साडू?"

मी सगळ्यांसमोर हो म्हणतो. माझी बायको तेव्हा उठून आत निघून जाते.